इतिहासातील सर्वोत्तम रणगाडे कोणते, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

यंत्रवेध

सर्वोत्तम रणगाड्यांची क्रमवारी लावायची म्हटली की चर्चा बहुधा तोफेचा व्यास, चिलखताची जाडी आणि ताशी वेग या तीन आकड्यांभोवतीच घुटमळते. हे आकडे बिनमहत्त्वाचे आहेत असे कोणीच म्हणणार नाही. पण केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवली, तर १९४० च्या मे महिन्यात फ्रान्सच्या चिलखती दलाचा पाडाव कसा झाला हे कोडे उलगडत नाही. फ्रेंचांचा बी-१ बिस चिलखताच्या बाबतीत त्या वेळच्या कोणत्याही जर्मन रणगाड्याला भारी होता. १६ मे रोजी स्तोन या गावात कॅप्टन पिएर बियोत यांचा ‘यूर’ नावाचा बी-१ बिस जर्मन रणगाड्यांच्या रांगेवर चालून गेला आणि १३ रणगाडे निकामी करून परतला. मागाहून पाहणी केली तेव्हा त्याच्या अंगावर १४० गोळ्यांच्या खुणा मोजल्या गेल्या, आणि त्यांतला एकही गोळा चिलखत भेदून आत शिरलेला नव्हता.

असे असूनही हा रणगाडा फ्रान्सला वाचवू शकला नाही, याची काही कारणे त्याच्या रचनेतच होती. त्याच्या बुरुजात, म्हणजे वरच्या फिरत्या तोफघरात, जागा एकाच माणसाची. तोच कमांडर, तोच ४७ मिमी तोफ भरणार, तोच नेम धरून ती डागणार, आणि तोच शेजारचे रणगाडे कुठे आहेत याकडे लक्ष ठेवणार. धडात बसवलेली ७५ मिमीची मोठी तोफ डाव्या-उजव्या बाजूला वळत नसे, त्यामुळे तिचा नेम धरण्यासाठी चालकाला अख्खा रणगाडा वळवावा लागे. याउलट जर्मन पँझर-३ चे चिलखत पातळ आणि तोफ लहान होती, पण त्याच्या बुरुजात कमांडर, नेम धरणारा गनर आणि गोळे भरणारा लोडर असे तिघे बसत आणि प्रत्येकाला आपापल्या एकाच कामावर लक्ष देता येई. रेडिओही जवळजवळ प्रत्येक रणगाड्यात होता.

म्हणून माझ्या मते क्रमवारी लावताना आधी असे विचारावे की हा रणगाडा गरजेच्या दिवशी गरजेच्या जागी चालत पोहोचत होता का, आतल्या माणसांना त्यात बसून नीट लढता येत होते का, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत शत्रू बदलला तेव्हा त्याच सांगाड्यात नवी तोफ आणि नवे इंजिन सामावून घेण्याइतका वाव त्यात होता का. या कसोटीवर मी ब्रिटिश सेंच्युरियनला पहिले स्थान देतो. सविस्तर कारणे पुढे मांडीनच. तोवर इतरांची मते वाचायला आवडतील.


शरसंधान

कसोटी मान्य आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव राहिली आहे असे वाटते. युद्ध सुरू असताना, कारखाने शत्रूच्या टप्प्यात आलेले असताना, अर्धशिक्षित कामगारांच्या हातून हजारोंनी बनवता येणे हाही रणगाड्याचा गुणच आहे, आणि तो गुण मोजला की सोव्हिएत टी-३४ ला पहिल्या स्थानावरून हलवणे अवघड होते.

त्याची जन्मकथाच पाहा. मिखाईल कोश्किन यांनी मार्च १९४० मध्ये दोन नमुना रणगाडे खारकोव्हहून थेट मॉस्कोपर्यंत, कडाक्याच्या थंडीत, त्यांच्याच साखळ्यांवर चालवत नेले. त्या प्रवासानंतर त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. आपला रणगाडा युद्धात उतरलेला त्यांना पाहता आला नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा या रणगाड्याच्या पुढच्या चिलखताची जाडी अवघी ४५ मिमी होती, पण ते चिलखत उभ्या रेषेपासून ६० अंश कलते असल्यामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट पोलाद भेदावे लागे, शिवाय अनेक गोळे त्यावरून घसरून निघून जात. जर्मनांच्या ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफा त्याच्यापुढे निष्प्रभ ठरल्या. त्यातच ५०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि रुंद साखळ्या असल्यामुळे ज्या चिखलात जर्मन रणगाडे रुतत, त्यातून तो निघून जाई.

त्यानंतर खारकोव्हचा अख्खा कारखाना यंत्रांसह उचलून उरल पर्वताकडे निझनी तागिलला हलवला गेला. तिथे येव्गेनी पातोन यांच्या संस्थेने स्वयंचलित वेल्डिंगची पद्धत उभी केली, आणि जे सांधे जोडायला आधी कुशल वेल्डर लागत ते काम नवख्या कामगारांना जमू लागले. युद्ध संपेपर्यंत या रणगाड्याचे ५० हजारांहून अधिक नग बाहेर पडले. ज्या रणगाड्याच्या बळावर इतिहासातील सर्वांत मोठी जमिनीवरील लढाई जिंकली गेली, त्याला दुसरे स्थान देण्यासाठी फार भक्कम कारण लागेल.


मृण्मयी_वा

शरसंधान, आपण मांडलेले सर्व खरे आहे, पण यंत्रवेध यांनी बी-१ ला लावलेली कसोटी टी-३४ लाही लावून पाहा. १९४१ ते १९४३ या काळातील टी-३४ च्या बुरुजात दोनच माणसे होती. कमांडर स्वतःच तोफ डागत असे. म्हणजे लढाईच्या ऐन भरात त्याचा डोळा दुर्बिणीला लागलेला असे आणि डाव्या अंगाने कोण येत आहे हे त्याला दिसत नसे. बुरुजाच्या वरचे झाकण सुरुवातीला इतके मोठे आणि जड होते की ते उघडले म्हणजे पुढचे काही दिसत नसे, आणि ते मिटून आत बसायचे तर बाहेर पाहण्याची साधने अगदी निकृष्ट. रेडिओ बहुतेक वेळा तुकडीच्या प्रमुखाच्याच रणगाड्यात असे, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचे किंवा झेंड्याच्या खुणा ओळखायच्या. लोडरच्या पायाखाली फिरती फरशी नव्हती. सुरुवातीचे काही गोळे भिंतीवरून घेतले की पुढचे पायाखालच्या पेट्या उघडून काढायचे, आणि डोक्यावरचा बुरूज मात्र फिरत राहायचा. असे असताना एकाच जागेवरून झटपट तीन-चार अचूक गोळे डागणे किती कठीण असेल याची कल्पना करावी.

१९४२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅबरडीन येथे एका टी-३४ ची चाचणी झाली. चिलखताच्या आकाराचे आणि डिझेल इंजिनाच्या कल्पनेचे तिथे कौतुक झाले, पण हवेच्या गाळणीत धूळ अडतच नसल्यामुळे इंजिन अकाली झिजून निकामी झाले. युद्धात सोव्हिएत संघाने ४० हजारांहून अधिक टी-३४ गमावले, आणि प्रत्येक रणगाड्यात चार किंवा पाच माणसे होती हे विसरून चालत नाही. बुरुजातली अडचण १९४४ च्या टी-३४-८५ मध्ये दूर झाली. तीन माणसांचा बुरूज, कमांडरला स्वतंत्र टेहळणीची जागा, ८५ मिमीची तोफ. म्हणून क्रमवारीत घ्यायचा तर टी-३४-८५ ला घ्यावा, १९४१ च्या रूपाला नव्हे.

माझे स्वतःचे मत अमेरिकी शर्मनच्या बाजूने आहे, आणि ते अनेकांना पटत नाही हे मला माहीत आहे. शर्मनवर टीका करणारे सहसा हे लक्षात घेत नाहीत की तो जिथे बनला तिथून लढाईची जागा एका महासागरापलीकडे होती. त्याचे वजन ३० टनांच्या आसपास ठेवण्यामागे बंदरांतील क्रेन, जहाजे आणि सैन्याचे तात्पुरते पूल यांचा विचार होता. ज्याच्यासाठी पूल पुरत नाही आणि क्रेन मिळत नाही असा ५५ टनांचा उत्तम रणगाडा बनवून तो कारखान्याच्या आवारात उभा ठेवण्यात अर्थ नव्हता. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये अल अलामेनच्या लढाईत ब्रिटिशांकडे शर्मन आले तेव्हा ते आफ्रिकेला वळसा घालून आलेले होते, आणि उतरवल्यावर थोड्याच तयारीत चालू लागले.

शर्मन लगेच पेटतो ही ख्याती तर सर्वतोमुखी आहे. ती सुरुवातीला खरीही होती, पण कारण पेट्रोल नव्हते, जर्मन रणगाडेही पेट्रोलवरच चालत. कारण होते बाजूच्या भिंतींलगत ठेवलेला दारूगोळा. तो तिथून काढून तळाशी, पाण्याच्या आवरणात ठेवलेल्या पेट्यांमध्ये हलवला गेला, आणि गोळा लागल्यावर पेटण्याचे प्रमाण ६० ते ८० टक्क्यांवरून १० ते १५ टक्क्यांवर आले. युद्ध सुरू असताना दोष ओळखणे, त्यावर उपाय शोधणे आणि तो उपाय कारखान्यातून रणभूमीपर्यंत पोहोचवणे हे ज्या रणगाड्याच्या बाबतीत झाले, त्याला मी वरचे स्थान देते. सोव्हिएत सैन्यालाही चार हजारांहून अधिक शर्मन मिळाले आणि त्यांनी ते आपल्या निवडक तुकड्यांमध्ये युद्धाच्या अखेरपर्यंत वापरले.


पोलादमन

जर्मन टायगरचा उल्लेखही न होता चर्चा इथवर आली याचे आश्चर्य वाटते. १९४२ च्या अखेरीस १०० मिमीचे पुढचे चिलखत आणि ८८ मिमीची तोफ एकत्र असलेला दुसरा रणगाडा कोणाकडे होता? शर्मन किंवा टी-३४ ला त्याच्या पुढच्या भागाला भेदण्यासाठी धोकादायक इतके जवळ यावे लागे, आणि तो मात्र त्यांना दीड-दोन किलोमीटरवरून टिपत असे. त्याची दुर्बीण उत्कृष्ट होती, आणि सुकाणू चाकाने वळवता येत असल्यामुळे एवढे अवाढव्य धूड चालवायलाही हलके होते. नॉर्मंडीत दोस्त सैनिकांना दिसेल तो प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच वाटत असे. शत्रूच्या मनावर एवढा दरारा बसवणे हेसुद्धा शस्त्राचे यशच आहे. तो सर्वत्र पोहोचावा यासाठी बनवलेलाच नव्हता. निवडक ठिकाणी शत्रूची फळी फोडण्यासाठी स्वतंत्र बटालियनमध्ये वापरायचे ते शस्त्र होते. त्याला शर्मनची कसोटी लावणे अन्यायाचे आहे.


यंत्रवेध

पोलादमन, समोरासमोरच्या झुंजीत १९४३ मध्ये टायगरला तोड नव्हती हे निर्विवाद आहे, आणि त्याला त्याच्याच हेतूच्या कसोटीवर तोलावे हा आपला आग्रहही रास्त आहे. तसे तोलून पाहू. फळी फोडण्यासाठीचे शस्त्र ठरल्या दिवशी फळीपाशी हजर असावे लागते, आणि तिथवर बहुधा रेल्वेनेच जावे लागते. टायगरच्या साखळ्या इतक्या रुंद होत्या की तो रेल्वेच्या डब्यावर त्यांच्यासह बसत नसे. म्हणून चढवण्याआधी प्रत्येक बाजूची बाहेरची चाके काढायची, लढाईच्या साखळ्या उतरवायच्या, वाहतुकीच्या अरुंद साखळ्या चढवायच्या, आणि उतरल्यावर हाच सोपस्कार उलट्या क्रमाने करायचा. एकेका साखळीचे वजन काही टन असताना हे काम चिखलात, बर्फात, कधी बॉम्बहल्ल्याच्या सावटाखाली करावे लागे.

चाकांची रचना तर याहून त्रासदायक होती. वजन सारखे विभागले जावे म्हणून चाके एकमेकांत गुंतवून बसवली होती, त्यामुळे चाल मऊ आणि तोफेचा नेम स्थिर राही, पण आतले एक चाक बिघडले की त्यासाठी बाहेरची अनेक चाके आधी काढावी लागत. रशियन हिवाळ्यात या चाकांमध्ये अडकलेला चिखल रात्री गोठला की सकाळी रणगाडा जागचा हलत नसे. बंद पडलेला टायगर ओढून आणायला १८ टन ओढण्याच्या क्षमतेची तीन-तीन अर्धसाखळी वाहने लागत, आणि ती नसली की माघार घेताना आपल्याच हातांनी तो उडवून द्यावा लागे. एकूण सुमारे १,३५० टायगर बनले. कित्येक टायगर शत्रूने भेदले म्हणून नव्हे, तर सोडून द्यावे लागले म्हणून गेले.

पँथरचीही कथा वेगळी नाही, किंबहुना मला ती अधिक खेदजनक वाटते, कारण तोफ, कलते चिलखत आणि वेग यांचा तोल त्यात फार उत्तम साधला होता. पण सुमारे ४५ टनांच्या त्या देहाला न पेलणारी फायनल ड्राइव्ह, म्हणजे साखळीच्या चाकाला शक्ती पोहोचवणारी शेवटची गिअरजोडणी, त्यात बसवली गेली. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने काही पँथर वापरले, आणि १९४७ च्या त्यांच्या अहवालात या भागाचे सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवले आहे. तिथपर्यंत पोहोचला तर हा रणगाडा भयंकर, पण तिथपर्यंत पोहोचण्याचीच शाश्वती नाही. जर्मन बाजूने क्रमवारीत कोणी यायचे असेल तर पँझर-४ ने यावे, जो युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लढला आणि आखूड ७५ मिमी तोफेपासून लांब नळीच्या ७५ मिमी तोफेपर्यंतचा बदल ज्याने निमूटपणे पेलला.


तळटीप

दुसऱ्या महायुद्धाच्या बाहेर पाहिले तर रेनॉ एफटीचे नाव घ्यायलाच हवे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत उतरलेला ब्रिटिश मार्क-१ हा पहिला रणगाडा खरा, पण त्याच्या पोटात आठ माणसे आणि उघडे इंजिन एकाच खोलीत असत. आत प्रचंड उष्णता आणि विषारी धूर साचे, आणि नुसते वळण घ्यायला चौघांनी एकमेकांना खुणा करून गिअर आणि ब्रेक सांभाळावे लागत. ३१ मे १९१८ रोजी पहिल्यांदा लढाईत उतरलेल्या रेनॉमध्ये अवघी दोन माणसे होती. चालक पुढे, पूर्ण गोल फिरणारा बुरूज मध्ये आणि भिंतीपलीकडे वेगळे केलेले इंजिन मागे. आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही बहुतेक रणगाडे याच मांडणीचे आहेत. अमेरिका, इटली आणि सोव्हिएत संघ या तिघांनीही आपले सुरुवातीचे रणगाडे त्याच्यावरच बेतले. प्रभावाच्या दृष्टीने त्याच्याइतका मोठा रणगाडा दुसरा नाही.


शरसंधान

रेनॉबद्दल सहमत. आता यंत्रवेध यांनी सेंच्युरियनची बाजू मांडावी, कारण जो रणगाडा महायुद्धात एकही गोळा न डागता आला त्याला सर्वांच्या वर बसवायचे तर पुरावा तितकाच वजनदार हवा.


यंत्रवेध

रास्त मागणी आहे. सेंच्युरियनचे सहा नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोहोचले तेव्हा लढाई संपली होती. पण हा रणगाडा ज्यांनी आखला त्यांनी आधीच्या ब्रिटिश रणगाड्यांच्या चुका समोर ठेवून तो आखला होता, आणि पुढे वाढण्यासाठी त्यात भरपूर जागा सोडली होती. सुरुवातीला त्यावर १७ पाउंडर (गोळ्याच्या पौंडांतील वजनावरून नाव पडलेली) तोफ होती, मग २० पाउंडर आली, आणि १९५९ पासून १०५ मिमीची एल-७. या शेवटच्या तोफेमागे एक प्रसंग सांगितला जातो: १९५६ च्या हंगेरीतील उठावात एक सोव्हिएत टी-५४ बुडापेस्टमधील ब्रिटिश दूतावासाच्या आवारात आणला गेला, त्याचे चिलखत तपासल्यावर २० पाउंडर अपुरी पडेल हे ध्यानात आले, आणि एल-७ चे काम पुढे सरकले. नवी तोफ जुन्याच बुरुजात बसली. एकाच रणगाड्यावर एकामागून एक तीन तोफा बसतात, हे मूळ आखणीचे यश आहे.

दणकटपणाचे उदाहरण पाहायचे तर ऑस्ट्रेलियातील १६९०४१ क्रमांकाचा सेंच्युरियन पाहा. ऑक्टोबर १९५३ मध्ये एमू फील्ड येथे ब्रिटिशांनी केलेल्या टोटेम-१ या सुमारे नऊ-दहा किलोटनांच्या अणुचाचणीत तो स्फोटाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, इंजिन सुरू ठेवून, गोळ्यांसह उभा केला होता. स्फोटाने तो दीडेक मीटर मागे सरकला, बाजूचे पत्रे उखडून दूर जाऊन पडले, अँटेना नाहीशा झाल्या, दुर्बिणींच्या काचा उडालेल्या वाळूने खरवडून निघाल्या. आत खरी माणसे असती तर धक्क्याच्या लाटेने ती वाचली नसती. पण माणसे जवळ गेली तेव्हा इंजिन बंद पडलेले आढळले ते केवळ इंधन संपल्यामुळे, आणि नंतर तो स्वतःच्या बळावर चालत तिथून निघाला. पुढे दुरुस्त होऊन तोच रणगाडा व्हिएतनामच्या युद्धात लढला.

लढाईतील पुरावाही कमी नाही. कोरियात ज्या टेकड्यांवर रणगाडा चढेल असे कोणाला वाटत नव्हते तिथे तो चढला आणि वरून पायदळाला आधार देत राहिला. १९६५ मध्ये असल उत्तर आणि फिलोरा येथे, आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत, भारतीय सैन्याचे सेंच्युरियन अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले; फिलोरा-चविंडाच्या लढायांतील लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर आणि बसंतर येथील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे दोघेही पूना हॉर्सचे परमवीर चक्र विजेते सेंच्युरियनवरच लढले. ऑक्टोबर १९७३ मध्ये गोलानच्या पठारावर इस्रायलकडे लढाईच्या सुरुवातीला दोनशेच्या आतच रणगाडे होते, ज्यांत मुख्यतः डिझेल इंजिन आणि १०५ मिमी तोफ बसवलेले सेंच्युरियन होते, आणि समोर एक हजाराहून कितीतरी अधिक सीरियन रणगाडे.

त्या लढाईतील एक तांत्रिक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेंच्युरियनची तोफ क्षितिजाच्या खाली १० अंशांपर्यंत झुकवता येत असे, सीरियनांकडील सोव्हिएत टी-५५ ची सुमारे पाचच अंश. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. उतारावर मात्र त्याचा अर्थ असा होतो, की सेंच्युरियन चढाच्या मागे धड लपवून केवळ बुरूज वर काढून खालच्या दरीत मारा करू शकतो, आणि टी-५५ ला तेच करायचे तर चढावर पूर्ण वर येऊन पोट उघडे टाकावे लागते. सोव्हिएत रणगाडा बुटका असावा म्हणून त्याच्या बुरुजाचे छत खाली आणले होते, आणि छत खाली आले की तोफेचा मागचा भाग वर उचलायला जागाच उरत नाही. गोलानवरच्या एका दरीत दोनशेहून अधिक सीरियन रणगाडे आणि इतर वाहने पडून राहिली.


शरसंधान

मांडणी प्रभावी आहे, पण दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. असल उत्तर येथे पाकिस्तानने नव्वदहून अधिक रणगाडे गमावल्याचे भारतीय नोंदी सांगतात, पण त्याचे श्रेय सेंच्युरियनला एकट्याला देता येत नाही. तिथे कालवे फोडून शेते पाण्याखाली आणली होती, तिन्ही बाजूंनी उभ्या उसात दबा धरून बसलेल्या तुकड्यांनी पॅटनना आत येऊ दिले, भारतीय बाजूने जुने शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ हेही लढले, आणि हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपले. शिवाय पॅटनचा दूरमापक कमी प्रशिक्षण झालेल्या गनरांसाठी गुंतागुंतीचा होता. म्हणजे तिथे जिंकली ती जागेची निवड आणि गनरांची तयारी.

दुसरे असे की सुरुवातीच्या सेंच्युरियनचा एका टाकीतला पल्ला रस्त्यावरसुद्धा शंभर किलोमीटरच्या आसपास होता आणि वेग ताशी ३५ किलोमीटर. आपण पँथरला पोहोचण्याच्या कसोटीवर नापास केले. मग ज्याच्यामागे इंधनाचा टँकर सतत फिरवावा लागे त्या सेंच्युरियनलाही त्या कसोटीवर काही गुण कापले जायला हवेत.


मृण्मयी_वा

पल्ल्याचा मुद्दा पटतो, पण इंधनाचा टँकर मागवता येतो, तुटलेली फायनल ड्राइव्ह रस्त्याच्या कडेला बसून बदलता येत नाही. दोन्ही उणिवा एकाच पारड्यात घालू नयेत.


गतिज

चर्चा १९७३ वर थांबू नये म्हणून आधुनिक रणगाड्यांबद्दल लिहितो. चॉबम नावाचे थरांचे मिश्र चिलखत, संगणकीय नेमयंत्रणा आणि उष्णतेवरून शत्रू दाखवणाऱ्या दुर्बिणी यांनी १९८० नंतरचे रणगाडे आधीच्या पिढ्यांपासून इतके दूर नेले की सरळ तुलना अशक्य होते. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात, ७३ ईस्टिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाईत, वाळूच्या वादळात अमेरिकी एम-१ए१ अब्राम्सना इराकी टी-७२ दिसत होते आणि टी-७२ मधील माणसांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते. हा पराभव केवळ टी-७२ चा नव्हता, निर्यातीसाठी दिलेल्या जुन्या उपकरणांचा आणि अपुऱ्या प्रशिक्षणाचाही होता, हे मान्य करूनसुद्धा त्या रणगाड्याचा एक दोष मूलभूत आहे. स्वयंचलित भरणीसाठी त्याचे गोळे आणि दारू बुरुजाच्या खाली, माणसांच्या पायांशी, गोल चकतीत रचलेली असते. त्यामुळे लोडर लागत नाही, रणगाडा लहान आणि हलका होतो. पण चिलखत भेदले गेले आणि ती दारू पेटली की अख्खा बुरूज उडतो आणि तिघांपैकी कोणी सहसा वाचत नाही. अब्राम्समध्ये बहुतेक गोळे बुरुजाच्या मागे पोलादी दाराआड असतात आणि स्फोट झालाच तर वरचे पत्रे उडून ज्वाळा बाहेर जातात.

तरीही अब्राम्सला मी पहिला म्हणणार नाही. १,५०० अश्वशक्तीचे त्याचे गॅस टर्बाइन जागेवर उभे असतानासुद्धा प्रचंड इंधन पिते, आणि १९९१ च्या आगेकुचीत लढाईपेक्षा इंधन पुरवण्याचीच चिंता अधिक होती. १९७९ मध्ये सेवेत आलेल्या लेपर्ड-२ मध्ये तेवढ्याच शक्तीचे डिझेल इंजिन आहे, आणि ते गिअरबॉक्ससह एकसंध उचलून रणभूमीवर पाव-अर्ध्या तासात बदलता येते. मात्र २०१६ मध्ये सीरियातील अल-बाब येथे तुर्कस्तानने आपले लेपर्ड-२ए४ पुरेशा पायदळाविना उघड्यावर उभे ठेवले आणि क्षेपणास्त्रांनी ते बाजूने आणि मागून फोडले, तेव्हा उत्तम रणगाडाही वाईट वापरातून सुटत नाही हे दिसले. मृण्मयी_वा यांना माणसे वाचवण्याचा निकष महत्त्वाचा वाटतो, त्यांचे इस्रायलच्या मेरकावाबद्दल काय मत आहे?


मृण्मयी_वा

मेरकावाची संपूर्ण आखणीच त्या निकषावर झाली आहे. १९७० च्या दशकात जनरल इस्रायल ताल यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या या रणगाड्यात इंजिन पुढे ठेवले, म्हणजे समोरून आलेल्या गोळ्याला माणसांपर्यंत पोहोचण्याआधी तेही भेदावे लागते, आणि मागच्या बाजूला दार दिले, ज्यातून गोळे भरता येतात आणि वेळ आलीच तर माणसांना शत्रूच्या समोर न येता, रणगाड्याच्या आडोशाने बाहेर पडता येते. येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी ट्रॉफी यंत्रणा प्रत्यक्ष लढाईत पहिल्यांदा यशस्वी झाली तीही २०११ मध्ये मेरकावावरच. पण त्याने लढलेल्या लढाया एका लहानशा भूभागातल्या आहेत. त्याला हजार किलोमीटर चालून जाऊन लढावे लागलेले नाही. म्हणून तो पहिल्या पाचांत, पण शर्मनच्या खाली.


तळटीप

आणि टी-५४/५५ ला कोणी जागा देणार आहे की नाही? गोलानवर त्याची उणीव दिसली हे खरे, पण इतिहासात सर्वाधिक संख्येने बनलेली रणगाड्यांची मालिका तीच आहे. वेगवेगळ्या देशांतले उत्पादन धरून तिचा अंदाज ८६ हजारांपासून एक लाखापर्यंत जातो. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि आग्नेय आशियातील गेल्या सहा-सात दशकांतील युद्धांत तो नाही असे युद्ध शोधावे लागेल. नवख्या चालकाला थोडक्या शिकवणीत तो हाताळता येतो, आणि गावठी कार्यशाळेतही त्याची दुरुस्ती होते. २०२३ मध्ये रशियाने युक्रेन युद्धासाठी गोदामांतून हेच रणगाडे बाहेर काढले आणि मुख्यतः दुरून मारा करणाऱ्या तोफांसारखे वापरले. दीर्घायुष्य हा निकष सेंच्युरियनला लावता तर यालाही लावा.


यंत्रवेध

लावतो, आणि त्या निकषावर टी-५५ ला चौथे स्थान देतो: सेंच्युरियन, टी-३४-८५ आणि शर्मन यांच्यामागे, पण टायगर आणि पँथरच्या बरेच पुढे. तिसऱ्याच्या वर नेत नाही याचे कारण आतल्या माणसांची अडचण. बुरूज इतका आखूड की लोडरला वाकून, अवघडलेल्या अवस्थेत, २० किलोहून जड गोळा डाव्या हाताने तोफेत लोटावा लागतो. काही मिनिटांच्या चकमकीनंतर त्याची गती मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी समोरचा सेंच्युरियन दुसरा-तिसरा गोळा डागत असतो. शरसंधान यांनी सुचवलेले पल्ल्याचे गुण मात्र सेंच्युरियनमधून कापले पाहिजेत, आणि ते कापल्यावर त्याच्यात आणि टी-३४-८५ मध्ये फार अंतर उरत नाही. तरीही पहिला सेंच्युरियनच, कारण त्याचा सांगाडा घेऊन बनवलेली ‘पूमा’ ही इस्रायली अभियंत्यांची चिलखती गाडी एकविसाव्या शतकातही सुरुंग काढण्याच्या कामावर होती, आणि दक्षिण आफ्रिकेचा ओलिफंट हाही मुळात तोच रणगाडा आहे.